तीन फायलींचं भांडण

बर्कली विद्यापीठाची 'बीएसडी' वाढली ती एटी अँड टीच्या युनिक्सची प्रत घेऊन. वर बर्कलीकरांची भर, खाली मूळ कंपनीच्या फायली. त्यामुळे बीएसडी हवी असेल तर आधी एटी अँड टीचा परवाना विकत घ्या, आणि तो तर महागतच चाललेला!

यावर कीथ बॉस्टिकने काढलेली युक्ती मला फार आवडते. त्याने इंटरनेटवर लोकांना हाक दिली: जुन्या फायलींकडे बघू नका, प्रोग्रॅम काय करतो याचं छापील वर्णन वाचा आणि तो नव्याने लिहा. मोबदला काय, तर यादीत नाव. (एवढ्यावर लोक राबले, बरं का!) दीडेक वर्षात बहुतेक सगळे प्रोग्रॅम पुन्हा लिहून झाले. मग तो, माइक कॅरेल्स आणि कर्क मॅककुसिक असे तिघे कर्नेलची एकेक फाइल तांदळातले खडे निवडावेत तशी तपासत बसले. सहा फायली तेवढ्या सुटेनात. त्या गाळून जून १९९१ मध्ये 'नेट/२' बाहेर पडलं.

तरीही १९९२ मध्ये एटी अँड टीच्या उपकंपनीने खटला भरलाच. जानेवारी १९९४ मध्ये तडजोड झाली. १८,००० फायलींपैकी काढाव्या लागल्या फक्त ३! सुमारे ७० फायलींवर कंपनीची मालकीची सूचना आली, इतकंच.

पण नेट/२ वर उभ्या असलेल्या फ्रीबीएसडीला नव्या, निर्धोक फायलींवर सगळी मांडणी पुन्हा करावी लागली. तिची २.० आवृत्ती नोव्हेंबर १९९४ मध्ये आली. लिनक्स १.० मार्चमध्येच येऊन गेलं होतं.