पुडीत काय आहे? ओळख पटवण्याचा इतिहास

आजचा विषय आपल्या दोन्ही हातांचा आहे. एका हातानं आपण दरेकशाच्या जंगलातून हिरडा, बेहडा, आवळा गोळा करून विकतो. दुसऱ्या हातानं तशाच वनस्पतींच्या नावाची पूड नाहीतर कॅप्सूल विकत घेतो. कधी ताकदीसाठी, कधी पाळीच्या त्रासासाठी, कधी वजन उतरवायला. झाडावरचा आवळा लहान पोरही ओळखतं. पण डबीतली पूड कोण ओळखणार?

हा प्रश्न जुना आहे. 1850 च्या सुमारास लंडनमध्ये दळलेल्या कॉफीत चिकोरीचं मूळ मिसळून विकत. एकदा दळल्यावर ही भेसळ ओळखताच येत नाही, असं तिथले मोठे लोक सांगत. आर्थर हिल हॅसल नावाच्या डॉक्टरनं ती पूड सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि चिकोरी दाखवून दिली. जात्यात मुळाचे तुकडे होतात, पण पेशींची घडण पुसली जात नाही. त्यानं तपासलेल्या मालाचे निकाल दुकानदारांच्या नावांसकट छापून आले. 1860 मध्ये ब्रिटनमध्ये भेसळीविरुद्ध कायदा झाला.

आपल्याकडे मुंबईच्या सरकारी औषधभांडाराचे प्रमुख विल्यम डायमॉक यांनी बाजारात कोणत्या नावाखाली कोणती मुळी विकली जाते, ते बारकाईनं नोंदवलं. वॉर्डन आणि हूपर या दोघांबरोबर त्यांनी लिहिलेला मोठा ग्रंथ 1890 ते 1893 मध्ये निघाला. पुढे 1930-31 मध्ये कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या समितीनं देशातल्या औषधांची चौकशी केली आणि 1940 मध्ये औषध कायदा आला. आयुर्वेदिक औषधांसाठी त्या कायद्यात वेगळं प्रकरण घालायला मात्र 1964 साल उजाडलं.

आता आपल्या बायकांच्या जवळचं उदाहरण घेऊ. अशोकारिष्टाचं नाव बहुतेकींनी ऐकलं असेल. त्यात सीता अशोकाची साल लागते. हे झाड पसरट, फुलं केशरी-लाल गुच्छांची, कोवळी पानं तांबूस आणि खाली लोंबणारी. शाळेच्या कुंपणाशी सरळ उंच वाढणारा, लांब नागमोडी पानांचा जो अशोक आपण बघतो, तो वेगळा. त्याची फुलं हिरवट. दोघांचं कूळही एक नाही. जंगलात सीता अशोक कमी उरलाय आणि सालीची मागणी मोठी आहे. म्हणून त्याच्या नावावर दुसऱ्याची साल खपते. उभं झाड बघून कोणीही फरक सांगेल, पण वाळलेल्या सालीचा तुकडा बघून जाणकारही अडखळतो. पूड झाली की विषयच संपला.

तिथे प्रयोगशाळा कामी येते. 1906 मध्ये त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञानं खडूच्या भुकटीनं भरलेल्या नळीतून पानांचा रस सोडला आणि त्यातले रंग वेगळे करून दाखवले. पन्नासच्या दशकात जर्मनीच्या श्टाल यांनी अशी तपासणी काचेच्या पट्टीवर सोपी करून दिली. ओल्या टिपकागदावर शाईचा ठिपका पसरताना त्यातले रंग सुटे होतात ना, तसंच हे. एका बाजूला खऱ्या सालीचा अर्क, शेजारी बाजारातल्या सालीचा. पट्ट्यांची नक्षी जुळली नाही, तर माल संशयाचा. पुढे वनस्पतीचा डीएनए वाचता येऊ लागला. बंगळुरूच्या संशोधकांनी बाजारातली अशोकाची साल अशी तपासली आणि 2016 मध्ये निष्कर्ष मांडला की 80 टक्क्यांहून जास्त नमुने दुसऱ्याच झाडांचे होते. पण उकळून काढलेल्या अर्कात डीएनए नीट टिकत नाही. म्हणून एकाच तपासणीवर भागत नाही.

भेसळ करणाराही गप्प बसत नाही. पूर्वी एका झाडाच्या जागी दुसरं झाड यायचं. आता जडीबुटीच्या पुडीत गोळीचं औषध दळून घालतात. सांधेदुखीच्या पुडीत स्टेरॉइड सापडलेलं आहे. सिब्युट्रामिन हे भूक मारणारं औषध हृदयाला धोका म्हणून 2010 मध्ये अमेरिका-युरोपात मागे घेतलं गेलं, 2011 मध्ये भारतात बंदी आली. तरी त्यानंतरही अनेक देशांत वजन उतरवण्याच्या 'हर्बल' मालात तेच निघालं. ते चवीला कळत नाही, वासाला कळत नाही. रेणू वेगळे करून त्यांचं वजन मोजणारं यंत्रच ते पकडतं. चार दिवसांत गुण आला की आपण पुडीची तारीफ करतो. खरं तर तेव्हाच शंका यायला हवी.

धातूंचंही तसंच. 2004 मध्ये अमेरिकेत बोस्टनच्या दुकानांतली 70 आयुर्वेदिक उत्पादनं तपासली, तर 14 मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. त्यानंतर 2006 पासून भारतातून बाहेर जाणाऱ्या वनौषधींना जड धातूंची तपासणी सक्तीची झाली. परदेशच्या गिऱ्हाइकासाठी जी काळजी घेतली, तीच सालेकशाच्या बाजारातल्या बाईलाही मिळायला हवी, एवढंच आपलं म्हणणं.

त्यासाठी हातात काय आहे? 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम 40 प्रमाणे साधा गिऱ्हाईकसुद्धा फी भरून खाद्यपदार्थ अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. आहारपूरक म्हणून विकलेली पूड याच कायद्याखाली येते. अट एक आहे: मी हे तपासायला देणार आहे, हे घेतानाच दुकानदाराला सांगायचं. माल नियमात बसला नाही, तर फी परत मिळते. एकटीला जड वाटलं तर गटानं मिळून करा. डबीवर चौदा आकडी परवाना क्रमांक आहे का, तेही बघा. आणि आयुर्वेदिक औषध असेल तर त्यावर औषधाचा उत्पादन परवाना असतो, तो शोधा.

विकणाऱ्या म्हणून आपलंही काम आहे. भेसळ निघाली की व्यापाऱ्याचं बोट शेवटी गोळा करणारीकडे वळतं. म्हणून माल शक्यतो अख्खा विका, दळून नको. प्रत्येक पोत्यातला मूठभर नमुना बरणीत ठेवा. त्यावर वनस्पतीचं नाव, तारीख, कुठल्या बाजूच्या जंगलातून आणला आणि कोणाला विकला ते लिहा. जमलं तर त्या झाडाचं पान आणि फूल जुन्या वर्तमानपत्रात दाबून ठेवा. उद्या कोणी विचारलं, तर आपल्या बाजूनं बोलायला ती बरणी असेल.