पडशावरील घरगुती उपचारांचीं टांचणें व त्यांचा कालनिर्णय

जुन्या बाडांच्या आरंभीच्या व शेवटच्या कोऱ्या पानांवर स्तोत्रें, देण्याघेण्याच्या नोंदी आणि औषधांचीं टांचणें लिहिलेलीं सांपडतात. संग्राहक मूळ ग्रंथाची नोंद करतो व हीं पानें बहुधा सोडून देतो. पुन्हां बांधणी करतांना तीं काढूनहि टाकलीं जातात. तीं कां जपावीं, हें पडशावरील औषधांच्या उदाहरणानें दाखविण्याचा येथें हेतु आहे.

पडसें म्हणजे संस्कृतांतील प्रतिश्याय. मराठी शब्द त्यापासूनच आला. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत २२ ते २४ हे तीन अध्याय नाकाच्या रोगांस दिले असून चोविसावा केवळ प्रतिश्यायाचा आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत, पांचव्या अध्यायांत, नाकांत घालावयाचें अणुतैल व औषधी धूम्रपान हीं दोन्ही सांगितलीं आहेत. घरगुती उपचारहि याच वाटेनें जातात : सुंठ, मिरें व पिंपळी यांचा काढा, वेखंड उगाळून केलेला लेप, भाजलेल्या ओव्याची पुरचुंडी हुंगणें, हळदीची धुरी. हीं द्रव्यें फार जुनीं. इ. स. १५६३ मध्यें गोव्यांत छापलेल्या गार्सिया द ओर्ताच्या ग्रंथांत वेखंडाचें कोंकणांतील नांवहि नमूद आहे. अर्थात् केवळ या द्रव्यांवरून टांचणाचा काळ ठरत नाहीं.

परंतु नाक मोकळें होण्यास तपकीर ओढावी, असें लिहिलें असल्यास गोष्ट निराळी. तंबाखू मूळची अमेरिकेंतील. ती पोर्तुगीजांबरोबर इकडे आली. इ. स. १६०४ च्या सुमारास विजापुराहून परतलेल्या असद बेगानें ती अकबरापुढें ठेविली, तेव्हां वैद्यकाच्या ग्रंथांत हिचा उल्लेख नाहीं असा आक्षेप दरबारच्या हकीमानें घेतला. तेव्हां तपकिरीचें टांचण सोळाव्या शतकापूर्वीचें मानतां येत नाहीं. नीलगिरीच्या तेलाची मर्यादा याहूनहि अलीकडची. तें झाड ऑस्ट्रेलियांतील असून निलगिरी पर्वतावर त्याची लागवड इ. स. १८४३ च्या सुमारास सुरू झाली. तेलाचें हें नांव त्यानंतरचेंच होय.

या प्रमाणाचा उपयोग मात्र जपून केला पाहिजे. अशा द्रव्यावरून त्या ओळीची पूर्वमर्यादा कळते. मूळ ग्रंथाची नव्हे. शंभर वर्षें जुन्या पोथीवर नातवानेंहि औषध टिपून ठेविलें असेल. उलट, नवें द्रव्य नाहीं म्हणून टांचण प्राचीन, हेंहि अनुमान खोटें. सुंठमिऱ्यांचा काढा आजहि घरोघर होतोच. म्हणून एकाच टांचणांतील ओळींचें वळण व शाई एक आहे कीं भिन्न, हें प्रथम पाहावें. तपकिरीची ओळ मागाहून घातलेली निघाल्यास वरील ओळींना ती मर्यादा लागू होत नाहीं.

संग्राहकांस विनंति इतकीच, कीं बांधणीच्या वेळीं कडेचीं पानें कापूं देऊं नयेत, आणि सूचींत मूळ ग्रंथाखालीं या टांचणांची निराळी नोंद करावी. मोठ्या दप्तरांत न सांपडणारी घरांतील राहणी याच चार ओळींत शिल्लक राहिलेली असते.