औषधाचे गुपित आणि चट्ट्याचे गुपित

श्रोतेहो, अंगावर एखादा फिकट चट्टा उठला, तो खाजत नाही, दुखत नाही, तर आपण काय करतो? बहुधा काहीच करत नाही. पण कुणी 'महारोग तर नव्हे?' असे पुटपुटले, की तो चट्टा सदऱ्याच्या बाहीखाली जातो. मग तो घरच्यांनाही दिसत नाही आणि डॉक्टरलाही दिसत नाही. आज या लपवालपवीचीच हकिगत सांगायची आहे. मात्र तिची सुरुवात रोग्यापासून नाही, एका थोर डॉक्टरपासून होते.

डॉ. भाऊ दाजी लाड हे नाव शिक्षक मंडळींना ठाऊक असेल. भाऊ दाजी गोव्यात जन्मले, मुंबईत शिकले. १८४५ साली मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले आणि १८५१ साली तिथून जी पहिली तुकडी बाहेर पडली, तिच्यात ते होते. जुने शिलालेख वाचण्यात त्यांचा हातखंडा होता. १८६९ साली ते मुंबईचे नगरपाल झाले. बंधू नारायण दाजी हेही डॉक्टर. गोरगरिबांना औषध देण्यासाठी त्यांचा धर्मार्थ दवाखाना होता.

अशा माणसाने १८६० नंतरच्या दशकात कुष्ठरोगाचा प्रश्न हाती घेतला. कोकणात आणि गोव्यात कडू कवठ नावाचे झाड आहे. त्याच्या बियांचे तेल भाऊ दाजी रोग्यांना देऊ लागले. काहींना उतार पडला. बातमी पसरली, लांबलांबून रोगी येऊ लागले. पण औषधात नेमके काय आहे, हे भाऊंनी जाहीर केले नाही. इतर डॉक्टरांनी विचारणा केली, टीकाही केली. तरी गुपित उघडे झाले नाही आणि १८७४ साली भाऊ वारले.

यात लोभ होता असे म्हणण्याचे कारण नाही. पण नुकसान काय झाले ते पाहा. कुष्ठरोग हा मोठा लहरी रोग आहे. कधी तो आपोआप थोडा ओसरतो, कधी पुन्हा भडकतो. तेव्हा उतार औषधाने पडला की रोगाच्या लहरीने, हे एका डॉक्टरने एका दवाखान्यात पाहून ठरत नाही. चार ठिकाणी चार जणांनी तेच औषध द्यावे, किती बरे झाले, किती नाही, याची नोंद ठेवावी, तेव्हा ते कळते. औषधाचे नावच ठाऊक नसेल, तर दुसऱ्याने पडताळायचे काय?

गंमत अशी, की याच जातीच्या तेलाची माहिती आपल्याकडे फार जुनी. सुश्रुताच्या ग्रंथात कुष्ठावर 'तुवरक' सांगितले आहे. १८५४ साली कलकत्त्याच्या डॉ. मौएट यांनी चालमोगऱ्याच्या तेलाचा अनुभव छापून सर्वांपुढे ठेवला होता. पुढे जगभर हे तेल वापरले गेले, तपासले गेले आणि त्याची मर्यादाही कळली. पोटात घेतले तर मळमळ, टोचून घेतले तर वेदना, आणि गुण आला तरी टिकेलच याची खात्री नाही. मर्यादा कळली म्हणूनच माणसे पुढचे औषध शोधत राहिली.

इकडे रोगाचे कारणही उघडे पडत होते. १८७३ साली नॉर्वेमध्ये हॅन्सन यांना या रोगाचे जंतू दिसले. मुंबईत शिकवणारे आणि साताऱ्यास सिव्हिल सर्जन राहिलेले डॉ. कार्टर त्याच सुमारास नॉर्वेला जाऊन तिथले काम पाहून आले. म्हणजे हा रोग पूर्वजन्मीचे पाप नव्हे, रक्तातून उतरणारा शापही नव्हे. ती जंतूंची बाधा आहे.

१९४१ साली अमेरिकेत कारव्हिल येथे सल्फोन जातीचे औषध लागू पडले. त्यातूनच डॅप्सोनच्या स्वस्त गोळ्या आल्या. पण गोळी रोग्यापर्यंत पोचवायची कशी? रोगी तर घरात दडलेला! १९५१ साली वर्ध्यास गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान निघाले. तिथल्या डॉ. वर्देकरांनी उलटी वाट धरली. रोग्याने दवाखान्यात यायचे नाही, दवाखान्याने गावात जायचे. पाहणी, शिक्षण आणि उपचार, ही त्यांची त्रिसूत्री. पुढे एकट्या डॅप्सोनला जंतू दाद देईनात, तेव्हा एकाहून अधिक औषधे मिळून द्यावीत असे जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली सुचवले. या उपचाराला आरंभ झालेल्या देशातल्या पहिल्या जिल्ह्यांत आपला वर्धा होता.

म्हणजे औषधाचे गुपित संपले. सहा महिने किंवा बारा महिने गोळ्या, त्याही सरकारी दवाखान्यात फुकट. उपचार सुरू झाला की थोड्याच काळात रोग्यापासून दुसऱ्याला लागण होत नाही. एरवीही बहुतेक माणसांच्या अंगी या जंतूला तोंड देण्याची ताकद जन्मतःच असते. तरी २०२३ साली भारतात एक लाखाहून अधिक नवे रोगी सापडले. का? कारण चट्ट्याचे गुपित अजून शिल्लक आहे!

सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावरच्या वळसंगकरांना 'शिवू नको' या शब्दाचे मोल कुणी समजावून सांगायला नको. १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर वळसंगला आले आणि दलित बांधवांच्या विहिरीचे पाणी प्यायले. ती शिवाशिव माणसाने माणसावर लादलेली होती. तिच्यामागे रोग नव्हता, काहीच नव्हते. कुष्ठरोग्याच्या वाट्याला रोगाच्या निमित्ताने विटाळ आला, आणि रोग बरा झाला तरी विटाळ जाईना. कायदासुद्धा मागे राहिला. १८९८ चा कुष्ठरोग्यांचा कायदा २०१६ साली रद्द झाला आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण २०१९ साली काढून टाकले गेले.

तेव्हा मंडळी, आता काम आपले आहे. फिकट किंवा लालसर चट्टा दिसला, तर त्या माणसाला डोळे मिटायला सांगा आणि चट्ट्यावर कापूस हळूच टेकवा. स्पर्श कळत नसेल, तर त्याच आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. कळत असला, तरी चट्टा जात नसेल तर दाखवून घ्या. गुरुजींनी आणि बाईंनी हे वर्गात सांगावे, पण चारचौघांत कुणा मुलाचा सदरा वर करू नये. त्याच्या आईबापांशी बाजूला बोलावे. गोळ्या घेताना अंगावर सूज आली, नसा दुखू लागल्या, तर गोळ्या टाकून देऊ नका, डॉक्टरांकडे जा. उशीर झाला तर जंतू मरतात, पण वाकलेली बोटे आणि गेलेली संवेदना परत येईलच असे नाही.

भाऊ दाजींच्या काळी रोगी डॉक्टरचे दार ठोठावत होता आणि औषधाचे नाव दाराआड होते. आज औषध गावात येऊन उभे आहे. दाराआड आहोत ते आपणच. दार उघडा, इतकेच सांगणे आहे.