गाडी विकली, नाव राहिलं

गेल्या महिन्यात नरसिंहपूरहून मामांचा फोन आला. "आरं, गाडी तर इकली होती की आपण. मग हे चलान कशाचं यायलंय मला?"

मी हिंजवडीत, मीटिंगच्या मधोमध. आधी वाटलं फ्रॉड मेसेज असेल. संध्याकाळी साईटवर नंबर टाकून बघितला. चलान खरं होतं. एक नाही, सात! आणि गाडी अजूनही मामांच्याच नावावर. २०१९ साली विकलेली वॅगनआर.

आता कबुलीजबाब. ती गाडी मीच विकायला लावली होती. तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, म्हणजे सगळं कळतं असं वाटायचं वय. एक एजंट शोधला, त्याने गाडीभोवती दोन चकरा मारल्या, बॉनेट उघडून तोंड वाकडं केलं आणि एक लाख दहा हजार मोजले. टीटी फॉर्मवर मामांच्या सह्या घेतल्या, समोरच्या पार्टीचं नाव कोरं ठेवून. "नावाचं मी बघतो," म्हणाला. मामा जरा घुटमळले. मीच म्हटलं, "मामा, असंच चालतं सगळीकडे. करा सही."

बाराव्या दिवशी मित्राने मला इंटरनेटवरची जाहिरात दाखवली. तीच गाडी, रबिंग-पॉलिश केलेली, नवे सीट कव्हर, टायरला काळा रंग. किंमत १ लाख ३५ हजार. मला तेव्हा त्या माणसाचं कौतुकच वाटलं होतं! बारा दिवसांत एवढा फायदा कुठली एफडी देते?

पण हा धंदा काही आजचा नाही. आमच्या भागात मोटारी येण्याआधीपासून तो बैलांवर आणि घोड्यांवर चालत आला आहे. नीरा-भीमेच्या संगमावर आमचं गाव, लक्ष्मीनृसिंहाच्या देवळाचं. नदी ओलांडली की सोलापूर जिल्हा, आणि पलीकडचं अकलूज घोडेबाजारासाठी प्रसिद्ध. जनावरं घेऊन विकणाऱ्याला आपल्याकडे हेडी म्हणतात. पडेल भावात बैल घ्यायचा, चार दिवस पेंड-सरकी घालायची, अंग धुवायचं, शिंगं तासून तेल लावायचं आणि पुढच्या बाजारात उभा करायचा. डेंटिंग-पेंटिंगच की हे! किंमत ठरायची रुमालाखाली बोटं धरून. बाकीच्यांना कळू नये म्हणून.

गिऱ्हाईकही कच्चं नसायचं. ते दात बघायचं. बैलाला साधारण अडीच वर्षांनी कायमचे दोन दात येतात, मग चार, सहा, आणि पाचेक वर्षांत आठ पूर्ण होऊन बैल 'जुळतो'. म्हणजे दात हे बैलाचं ओडोमीटर. आणि ओडोमीटर आलं की ते मागे फिरवणारेही आले. दात घासून म्हातारं जनावर तरणं दाखवण्याची लबाडी जगभर चालत आली आहे.

मोटारीचा आणि आमच्या तालुक्याचा संबंध मात्र अनपेक्षित आहे. वालचंदनगर इंदापूर तालुक्यातच. तिथे १९३०च्या दशकात साखर कारखाना उभारणाऱ्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ पासून गाड्या बाहेर पडू लागल्या. पुढे तिथलीच फियाट ११०० देशभर गेली आणि १९७०च्या दशकात तिचं नाव पद्मिनी झालं. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीचा शेवटचा दिवस २९ ऑक्टोबर २०२३.

पण गाडी बनत होती म्हणून मिळत होती असं नाही. लायसन्स राजमध्ये किती गाड्या बनवायच्या ते सरकार ठरवायचं. १९५९च्या नियंत्रण आदेशाने गाड्यांचं वाटपही सरकारच्या हातात गेलं. १९६९ मध्ये सरकारने किमतीही ठरवून दिल्या आणि कारखानदार सुप्रीम कोर्टात गेले. नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं. आकुर्डीच्या बजाज स्कूटरसाठी तर दहा-दहा वर्षं! लग्न ठरायच्या आधी स्कूटर बुक करायचे लोक.

यातून एक गंमत झाली. शोरूममधून बाहेर काढलेली गाडी लगेच जास्त किमतीला विकली जायची. वरच्या पैशाला म्हणायचे 'ऑन' किंवा प्रीमियम. आज नवी गाडी शोरूमच्या दाराबाहेर आली की तिची किंमत पडते. तेव्हा ती वाढायची. विकणाऱ्याला गाडी पुसायचीही गरज नव्हती, कारण तो गाडी विकतच नव्हता. तो रांगेतला नंबर विकत होता.

१९८३ साली मारुती ८०० आली. लाखाहून जास्त लोकांनी दहा-दहा हजार भरून नंबर लावला. १९९३ मध्ये मोटारी बनवण्यावरचं लायसन्स गेलं, कंपन्या आल्या, रांग संपली, आणि त्याबरोबर 'ऑन'ही संपला. मग नफा कुठून काढायचा? पुन्हा हेडीच्या मार्गाने. मला माहीत आहे ते तुला माहीत नाही, या फरकातून.

या फरकावर एका माणसाला नोबेल मिळालंय! जॉर्ज अकरलॉफने १९७० साली 'लेमन्स' नावाचा शोधनिबंध लिहिला. विषय चक्क सेकंडहँड गाड्या. मुद्दा सोपा आहे. गाडी चांगली की डबडं हे विकणाऱ्याला माहीत असतं, घेणाऱ्याला नाही. म्हणून घेणारा सरासरी किंमतच देतो. त्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकत नाही, आणि बाजारात उरतात डबडी. तीन नियतकालिकांनी हा निबंध परत पाठवला होता. त्यात आपल्याकडच्या बाजारातल्या तांदळात मुद्दाम मिसळलेल्या खड्यांचाही उल्लेख आहे. आजीला हे शिकवायला अमेरिकेतून कोणी यावं लागलं नव्हतं. असो.

अकरलॉफना नोबेल मिळालं २००१ मध्ये. त्याच वर्षी मारुतीने ट्रू व्हॅल्यू सुरू केलं. तपासलेली गाडी, वॉरंटी वगैरे. २०१५ मध्ये कार्स२४ आणि स्पिनी आल्या. म्हणजे 'दात बघण्याचं' काम कंपन्यांनी अंगावर घेतलं.

पण या सगळ्यात एक गोष्ट राहून गेली, आणि तीच आमच्या मामांना भोवली. गाडीची माहिती नाही, तर गाडीची जबाबदारी.

एजंट गाडी स्वतःच्या नावावर करत नाही. करायची तर फी, चकरा, शिवाय आरसीवर एक मालक वाढला की भाव पडतो. म्हणून कोरा फॉर्म हातोहात फिरतो. नफा प्रत्येक हाताला, जबाबदारी पहिल्याच नावाला. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात विकलेल्या गाडीची खबर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला द्यायची असते. देतो कोण?

चलानावर भागलं तर नशीब म्हणायचं. सुप्रीम कोर्टात असंच एक प्रकरण गेलं होतं. गाडी विकली २००७ मध्ये, ती हातोहात पुढे गेली, आणि २००९ मध्ये अपघातात एक जीव गेला. ६ फेब्रुवारी २०१८ ला कोर्टाने सांगितलं, रजिस्टरला ज्याचं नाव तो मालक, भरपाई त्यानेच द्यायची. मधले सगळे हात मोकळे!

हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. ही गाडी सहा वर्षांहून जास्त काळ कोणीतरी मामांच्या नावावर पळवत होतं.

सरकारला हे भोक उशिरा दिसलं. डिसेंबर २०२२ मध्ये नियम बदलले, १ एप्रिल २०२३ पासून लागू. जुन्या गाड्यांच्या डीलरने आरटीओकडून अधिकारपत्र घ्यायचं. गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची खबर फॉर्म २९सी मध्ये गेली की तोच मालक मानला जातो. डिसेंबर २०२४ मध्ये जीएसटी परिषदेने नोंदणीकृत डीलरच्या मार्जिनवर सरसकट १८ टक्के कर ठरवला. म्हणजे कागदावर हा आता रीतसर धंदा आहे. पण चहाच्या टपरीवर कोऱ्या फॉर्मवर सही मागणारा अजून भेटतोच.

आमचं काय झालं? एजंटचा नंबर बंद. चलानांवरची ठिकाणं आणि जुन्या जाहिरातीवरचा नंबर जुळवत दोन शनिवार-रविवार घालवले. दुसरा मालक इंदापुरात सापडला, तिसरा टेंभुर्णीकडे. त्यानेही पुढे दिलीय. कोणाला, ते आठवत नाही म्हणतो. मी मामांना घेऊन बारामतीच्या आरटीओत लेखी अर्ज दिला, पोलिसांतही दिला. चलानाचे पैसे मी भरले. गाडी अजून सापडायची आहे.

परतताना मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तुझे आजोबा बैल इकताना दावं सोडून घ्यायचे. घेणाऱ्यानं आपलं दावं घेऊन यायचं. मला वाटायचं, चार आण्याच्या दाव्यासाठी म्हातारा किती कटकट करतो."

मी काहीच बोललो नाही. त्या कोऱ्या फॉर्मवर सही करताना मामा घुटमळले होते, ते मला अजून दिसतं.

तुम्ही गाडी विकली असेल, तर आज रात्री जेवण झाल्यावर एकदा तिचा नंबर टाकून बघा. दोन मिनिटं लागतात.