पेटीत मेलेली रोपं

कुंडीतलं पहिलं रोप मेलं की नवखी माणसं म्हणतात, "माझ्या हाताला गुणच नाही." पुण्यात गच्चीवरची बाग शिकवताना हे मी इतक्या जणांकडून ऐकलंय, की आता पहिल्याच तासाला लंडनच्या नॅथनिएल वॉर्ड यांच्याबद्दल सांगते.

वॉर्ड पेशाने डॉक्टर. घर ईस्ट एंडमध्ये, वेलक्लोज स्क्वेअरला; आजूबाजूला कारखान्यांची धुराडी. परसात त्यांनी दगड रचले, वर भोकं पाडलेली नळी बसवून पाणी ठिबकत ठेवलं आणि नेचे व शेवाळ लावलं. पाणी होतं, सावली होती, हौस तर अपार. तरी नेचे मेले. काजळीने भरलेली हवा त्यांना मारत होती आणि तिच्यावर डॉक्टरांकडेही इलाज नव्हता.

1829 मध्ये त्यांनी एका पतंगाचा कोष ओलसर मातीत पुरून, रुंद तोंडाच्या काचेच्या बाटलीत झाकण लावून ठेवला. कोषातून पतंग निघताना त्यांना पाहायचा होता. दिवसा मातीतली ओल वर चढून काचेवर थेंब धरायची आणि गारव्याला पुन्हा खाली उतरायची. माती कायम ओली. पतंग निघायच्या सुमारे आठवडाभर आधी त्या मातीत एक नेचा आणि एक गवत उगवून आलं. दुसऱ्या कुणी ते कोंब उपटून टाकले असते. वॉर्ड थबकले, कारण परसात मेलेले नेचे त्यांच्या डोळ्यांसमोर होते. तिथे काय नव्हतं आणि इथे काय आहे, हा प्रश्न त्या मेलेल्या बागेनेच त्यांच्या हाती दिला.

ती रोपं बाटलीत जवळजवळ 4 वर्षं जगली. मग वॉर्ड बाहेरगावी असताना झाकण गंजलं, पावसाचं पाणी आत शिरलं आणि दोन्ही गेली. आपल्याकडच्या किती तुळशी अशाच जातात! कुंडीखाली बशी भरलेली, वरून पुन्हा तांब्याभर पाणी.

त्या काळी दूर देशची रोपं जहाजाच्या डेकवर उघड्यावर यायची. खारे तुषार, वारा, आणि गोडं पाणी तर खलाशांनाच पुरत नसे. हॅकनीच्या लॉडिजेस या नामांकित रोपवाटिकेचा अनुभव असा, की 20 रोपांतली 19 वाटेत मरायची. वॉर्ड यांनी लाकूड आणि काचेच्या बंद पेट्या करवल्या. 1833 मध्ये अशा दोन पेट्या नेचे, शेवाळ आणि गवत भरून सिडनीला पाठवल्या. 1834 मध्ये त्या तिथल्या रोपांनी भरून परत निघाल्या. केप हॉर्नजवळ डेकवर बर्फ, विषुववृत्तावर काहिली. सुमारे 8 महिन्यांनी पेट्या लंडनला पोचल्या तेव्हा आतली झाडं टवटवीत होती. पुढे लॉडिजेस यांचा हिशेबच उलटला: 20 पैकी 19 जगू लागली.

पण पेटी मिळाली म्हणून मरणं थांबलं नाही, आणि हा भाग मी शिकवताना मुद्दाम लांबवते. ईस्ट इंडिया कंपनीने रॉबर्ट फॉर्च्यून यांना 1848 मध्ये चहाची रोपं आणायला चीनला धाडलं. त्यांच्या पहिल्या मोठ्या खेपेतली बहुतेक रोपं हिमालयाच्या पायथ्याशी पोचेपर्यंत गेली. वाटेत खोळंबा झाला, पेट्या उघडल्या गेल्या. नुसतं बी पाठवावं तर चहाचं बी सुकलं की रुजत नाही. मग फॉर्च्यून यांनी पेटीत तुतीची रोपं लावली आणि मधल्या मातीत चहाचं बी पेरून वर मातीचा थर दिला. पेट्या कलकत्त्याला आल्या तोवर बी उगवलेलं होतं. प्रवासाचा वेळ रुजण्यासाठी वापरायचा, ही युक्ती मेलेल्या हजारो रोपांनी शिकवली.

आपल्या मुंबईनेही अशी एक खेप पाहिली. क्लेमेंट्स मार्कहॅम यांनी 1860 मध्ये पेरूहून सिंकोनाची, म्हणजे क्विनाइनच्या झाडाची रोपं आणली. तांबड्या समुद्राच्या उकाड्यात ती होरपळली आणि मुंबईमार्गे उटीला पोचली तेव्हा मरणपंथाला लागलेली होती. निलगिरीत सिंकोना रुजला तो दुसऱ्या वाटेने, इक्वेडोरहून आलेल्या तांबड्या सालीच्या रोपांनी. ही झाडं ज्यांच्या मातीतून उचलली, त्या लोकांना कुणी विचारलं नव्हतं. ती लूट होती, असंच माझं मत आहे. पण पेटीतलं रोप का मेलं याची ती रोपं नेणाऱ्या माणसांनी चिकाटीने केलेली चौकशी मी शिकवत राहीन.

तेव्हा पुढचं रोप मेलं की ते लगेच फेकून देऊ नका. कुंडी वर्तमानपत्रावर उलटी करा आणि मुळं बघा. काळी पडून बुळबुळीत झाली असतील तर पाणी जास्त झालंय आणि तळाचं भोक बुजलंय का ते तपासा. मातीचा गोळा कोरडा खडखडीत, कडेने सुटलेला असेल तर पाणी कडेनेच वाहून जात होतं. मुळं गोल गोल वेटाळली असतील तर कुंडी लहान पडली. काय दिसलं ते तारखेसह वहीत लिहा, आणि मगच नवं रोप आणायला जा.