पडद्यावरचा जळता क्रूस आणि विधिमंडळातला काळा माणूस

"सिनेमा म्हणजे करमणूक, त्यात जात आणि वंश कशाला शोधता?" असे आम्हाला नेहमी सुनावले जाते. सुनावणाऱ्यांनी डी. डब्ल्यू. ग्रिफिथचा 1915 सालचा 'द बर्थ ऑफ अ नेशन' हा मूकपट पाहावा. तो न्यूयॉर्कच्या लिबर्टी थिएटरमध्ये लागला तेव्हा बाबासाहेब त्याच शहरात कोलंबिया विद्यापीठात शिकत होते.

या चित्रपटात गस नावाचा काळा माणूस गोऱ्या मुलीच्या मागे लागतो. ती कड्यावरून उडी टाकून मरते, आणि कू क्लक्स क्लानचे झगेवाले गसला ठार करतात. गसचे काम केले होते तोंडाला काळे फासलेल्या गोऱ्या नटाने! बलात्काराचा आरोप ही काळ्यांना झुंडीने मारण्याची सबब आहे, हे इडा बी. वेल्स या कृष्णवर्णीय पत्रकार महिलेने 1892 सालीच उघड केले होते.

पण आमच्या मते खरा विखार दुसऱ्या प्रसंगात आहे. दक्षिण कॅरोलायनाच्या विधिमंडळात काळे आमदार दारू पिताहेत, कोंबडी खाताहेत, एकाने तर अनवाणी पाय टेबलावर टाकलाय. इतिहास काय सांगतो? गुलामगिरी संपल्यावर 1868 मध्ये या राज्याची जी घटना समिती बसली, तिच्यात काळे बहुसंख्य होते. सर्वांसाठी सरकारी शाळांची तरतूद तिनेच केली. गोऱ्यांना सलत होते ते हे.

आणि तो जळता क्रूस? 19व्या शतकातली क्लान क्रूस जाळत नव्हती. ही कल्पना थॉमस डिक्सनच्या कादंबरीतली. तिच्यावरूनच हा चित्रपट बेतला होता. 1915 च्या नोव्हेंबरमध्ये विल्यम सिमन्सने स्टोन माउंटनवर खराखुरा क्रूस पेटवून मेलेली क्लान उठवली. काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपीने गावोगावी निदर्शने केली. राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी मात्र हा चित्रपट व्हाइट हाउसमध्ये दाखवून घेतला होता.

शंभर वर्षांनी, 17 जून 2015 रोजी, त्याच दक्षिण कॅरोलायनातील चार्ल्सटनच्या चर्चमध्ये एका गोऱ्या तरुणाने नऊ काळ्या माणसांना गोळ्या घातल्या. तुम्ही आमच्या बायकांवर बलात्कार करता, आमचा देश ताब्यात घेताय, असे तो म्हणाला. मेलेल्या नऊ जणांत सहा स्त्रिया होत्या. चर्चचे पाळक क्लेमेंटा पिंकनीही त्यात होते. ते राज्याच्या विधिमंडळात सिनेटर होते.