दारं आणि धुकं

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत नातू आठ दिवस नगरला आला होता. (सरकारी कागदावर २०२४ पासून अहिल्यानगर. पण जिभेला सत्तर वर्षांची सवय आहे, वाचकांनी सांभाळून घ्यावं.) एक बॅग कपड्यांची आणि एक त्या खेळाच्या यंत्राची. पहिल्याच संध्याकाळी चकली खाता खाता त्याने विचारलं, "आजी, तू इतिहासाची बाई ना? मग सांग, रेझिडेंट ईव्हिल भारी की सायलेंट हिल? आमच्या वर्गात दोन गट पडलेत."

दोन्ही नावं मला माहीत नव्हती असं नाही. त्यातल्या एकाशी माझं जुनं वैर होतं. ते पुढे सांगते. त्याला मी वर्गात सांगायचे तेच सांगितलं, की आधी कोण कधी आणि कुठून आलं ते बघू, चांगलं-वाईट नंतर. मग आठ दिवस रोज रात्री जेवणं झाल्यावर तो खेळायचा, मी शेजारी बसायचे आणि वहीत टिपणं काढायचे. मधून मधून डोळे मिटायचे, हेही कबूल करते. त्या टिपणांचा हा लेख. ज्यांना या विषयात काडीचा रस नाही त्यांनीही शेवटपर्यंत वाचावं, कारण शेवटी हा लेख खेळांपुरता राहिलेला नाही.

तर, हे दोन्ही खेळ जपानचे. पहिल्याचं मूळ १९८९ सालात आहे. त्या वर्षी कियोशी कुरोसावा यांचा 'स्वीट होम' नावाचा भुताच्या वाड्याचा सिनेमा आला आणि ओसाकाच्या कॅपकॉम कंपनीने त्याच नावाचा खेळ काढला. तो केला तोकुरो फुजिवारा यांनी. पुढे १९९२ मध्ये फ्रान्समध्ये 'अलोन इन द डार्क' आला. तोही एका वाड्याचाच. १९९४ च्या शेवटी सोनीचं प्लेस्टेशन जपानात विकायला आलं. त्या सुमारास फुजिवारांना वाटत होतं, आपला जुना वाडा नव्या यंत्रावर पुन्हा बांधावा. काम दिलं शिंजी मिकामी या तरुणाला. का, तर मिकामींना स्वतःला घाबरणं अजिबात आवडत नसे! जो घाबरतो त्यालाच भीती कळते, हा हिशेब मला फार पटला. गणिताला घाबरलेला मुलगा मोठेपणी गणिताचा उत्तम मास्तर झालेला मी पाहिला आहे.

मार्च १९९६ मध्ये तो खेळ जपानात 'बायोहॅझार्ड' म्हणून आला. अमेरिकेत ते नाव आधीच दुसऱ्यांनी घेतलेलं, म्हणून कंपनीतच स्पर्धा घेऊन 'रेझिडेंट ईव्हिल' हे नाव ठरलं. गोष्ट साधी आहे. डोंगरातला एक वाडा, त्यात अडकलेलं पोलिसांचं खास पथक, आणि औषध कंपनीच्या गुप्त प्रयोगातून चालती-फिरती झालेली प्रेतं. पण मला गोष्टीपेक्षा त्यातला हिशेब जास्त भयंकर वाटला. तुमच्या झोळीत जागा सहा वस्तूंची, फार तर आठ. गोळ्या मोजक्या. जखमेवर लावायला कुंडीतला हिरवा पाला, तोही मोजका. आणि खेळ जिथवर आला तिथे राखून ठेवायचा तर टाइपरायटर शोधायचा, आणि त्याला लागणारी शाईची रिबनही मोजकीच! (आमच्या वेळी टायपिंगच्या क्लासात रिबन पुरवून वापरा म्हणून सर ओरडायचे, त्याची आठवण झाली.) समोर भूत आलं की प्रश्न पडतो तो 'मारू का' हा नाही. 'याच्यावर दोन गोळ्या घालवल्या तर पुढच्याला काय घालू' हा पडतो.

या प्रकाराला त्या खेळानेच नाव दिलं, 'सर्व्हायव्हल हॉरर'. नातवाने अर्थ विचारला तेव्हा मी म्हटलं, "तग धरणं. आपल्याकडचाच शब्द आहे."

१९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा मी एकवीस वर्षांची होते, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. गाव पाथर्डी तालुक्यातलं. आई-वडील दोघंही दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. कामावर सुकडी मिळायची, रेशनला अमेरिकेची लाल मिलो. आई रोज चिपट्याने मोजून दळण काढायची आणि मोजून झाल्यावर मूठभर परत कणगीत टाकायची. ती मूठ 'उद्याची'. त्या वर्षी मी भूक पाहिली, पण भीती पाहिली ती आईच्या त्या परत जाणाऱ्या मुठीत. नातू पडद्यावर गोळ्या मोजत होता आणि मला ती मूठ दिसत होती.

आता दारांविषयी. त्या वाड्यात प्रत्येक दार उघडताना पडदा काळा होतो आणि फक्त दार सावकाश करकरत उघडताना दिसतं. खरं कारण असं, की यंत्राची स्मृती अवघी दोन मेगाबाइट. पुढची खोली चकतीवरून वाचून घ्यायला वेळ लागायचा, तो वेळ झाकायला हे दार. ही युक्ती 'स्वीट होम'मध्येही होती. पण त्या चार सेकंदांत माणूस श्वास धरून बसतो! चौथ्या दिवशी आम्ही शिंगणापूरला गेलो. तिथल्या घरांना दारं नसण्याची परंपरा मी नातवाला समजावून सांगत होते, २०११ मध्ये तिथे बँकेची कुलपाशिवायची शाखा निघाली तेही सांगितलं. तो म्हणाला, "आजी, मग इथे रेझिडेंट ईव्हिल चालणारच नाही. पुढची खोली लोड कशी होणार?" शनिमहाराजांच्या दारात (म्हणजे नसलेल्या दारात) मी मोठ्याने हसले.

कॅपकॉमचा खेळ धो धो खपला. १९९८ मध्ये दुसरा भाग आला, हिदेकी कामिया यांनी केलेला. निम्म्याहून जास्त तयार झालेली आवृत्ती मोडून पुन्हा पहिल्यापासून केलेला. मग दुसऱ्या कंपन्यांनाही आपला असा खेळ हवासा वाटला. त्यातली एक कोनामी. तिने टोकियोत एक चमू जमवला, आधीच्या कामांत फारसं यश न मिळालेल्या मंडळींचा. त्यांचा प्रमुख केइइचिरो तोयामा, संगीत अकिरा यामाओका यांचं. वरच्यांच्या फारशा अपेक्षा उरल्या नाहीत तेव्हा या मंडळींनी आपल्या मनासारखं करायचं ठरवलं, आणि १९९९ मध्ये 'सायलेंट हिल' आला.

इथे पोलीस नाहीत. हॅरी नावाचा एक लेखक आहे, साधा बाप. त्याची लहान मुलगी हरवली आहे. त्याला पळताना धाप लागते, नेम चुकतो. खिशातल्या छोट्या रेडिओत खरखर वाढली की समजायचं, जवळ काहीतरी आहे. दिसत मात्र नाही, कारण सगळ्या गावावर धुकं. आणि हे धुकंही गरिबीतूनच आलं. रेझिडेंट ईव्हिलमधल्या खोल्या आधी काढून ठेवलेली चित्रं होती. इथे गावातले रस्ते यंत्राला त्या त्या क्षणी रेखाटावे लागत, आणि फार लांबचं रेखाटायची त्याची ताकद नव्हती. मग लांबचं धुक्यात आणि अंधारात बुडवून टाकलं.

आपला जिल्हा महाराष्ट्रात सगळ्यात मोठा. एका टोकाला माझं पाथर्डी आणि दुसऱ्या टोकाला अकोले. नोकरीच्या सुरुवातीला तीन वर्षं मी अकोल्याच्या डोंगरात होते. श्रावणात भंडारदरा-घाटघरकडे धुकं असं उतरायचं की पाच हातांवरची मुलं दिसायची नाहीत, नुसती पाढ्यांची ओरड ऐकू यायची. दुष्काळी भागातून आलेल्या मला त्या धुक्याचं आधी कौतुक वाटलं आणि मग भीती. ऊन आग ओकतं तेव्हा निदान दिसतं तरी, समोर काय आहे ते. धुक्यात माणूस स्वतःच्या मनातलं बघायला लागतो.

दोन खेळांतला फरक मला इथे सापडला. पहिला विचारतो, झोळीत किती उरलं? दुसरा विचारतो, मनात काय दडलंय? मराठी वाचकांना हे नवीन नाही. नारायण धारपांच्या कथांत अभद्र बाहेरून येतं आणि त्याच्याशी लढायला समर्थ असतात. रत्नाकर मतकरींच्या कथांत बऱ्याचदा ते घरातल्याच माणसाच्या मनातून निघतं आणि तिथे कुणी समर्थ येत नाहीत. वर्गात बाकाखाली धारप वाचणाऱ्या किती मुलांची पुस्तकं मी जप्त केली! (दुपारच्या सुट्टीत स्टाफरूममध्ये मीच वाचायचे. आता सांगायला हरकत नाही.)

पुढचा परिच्छेद, ज्यांना स्वतः खेळायचं आहे त्यांनी सोडून द्यावा.

२००१ मध्ये 'सायलेंट हिल'चा दुसरा भाग आला. जेम्स नावाच्या माणसाला त्याच्या वारलेल्या बायकोचं पत्र येतं आणि तो तिला शोधत त्या गावात जातो. शेवटी कळतं की आजारी बायकोचा जीव त्यानेच घेतला होता आणि ते त्याला आठवायचं नव्हतं. गावातली भुतं त्याच्याच मनाची. आणि शेवट एकच नाही. जखम झाल्यावर तुम्ही लगेच औषध घेता का, बायकोचा फोटो पुन्हा पुन्हा काढून बघता का, हे खेळ गुपचूप बघत असतो आणि त्यावरून शेवट ठरवतो. नातू हे रंगवून सांगत होता आणि मी वही मिटली. आमचे हे साडेतीन वर्षं अंथरुणावर होते. कूस बदलणं, भरवणं, रात्री चार-चार वेळा उठणं. लोक म्हणायचे, बाईंनी सेवा केली. केली. पण एका पहाटे, त्यांना खोकल्याची ढास लागलेली असताना, 'हे संपू दे आता' असं माझ्या मनात स्पष्ट शब्दांत आलं होतं. पुढे सहा महिन्यांनी ते गेले. ते वाक्य मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, मुलालाही नाही. जपानातल्या कुण्या पोरांनी २००१ मध्ये ते ओळखून ठेवलं होतं. जेम्सने केलं ते पाप, माझ्या मनात आलं तो थकवा, एवढा फरक मला आज कळतो. त्या पहाटे कळत नव्हता.

असो. पुढचा इतिहास भराभर सांगते. श्रीमंती आली आणि दोघांनीही वाट सोडली. रेझिडेंट ईव्हिलचा चौथा भाग (२००५) उत्तम, कॅमेरा नायकाच्या खांद्यामागे आणणारा. पण पाचव्या (२००९) आणि सहाव्यापर्यंत (२०१२) बंदुका, स्फोट आणि जोडीला साथीदार. झोळी भरली, भीती गेली. सायलेंट हिलचा मूळ चमू २००४ च्या चौथ्या भागानंतर पांगला आणि खेळ परदेशी कंपन्यांकडे फिरत राहिला. २०१२ मध्ये जुने भाग नव्या, स्वच्छ रूपात काढले, तर धुकं विरळ झालं आणि गावाची अर्धवट टोकं उघडी पडली! २०१४ मध्ये हिदेओ कोजिमा आणि गिलेर्मो देल तोरो यांनी 'पी.टी.' नावाची छोटी झलक काढली. एकच बोळ, पुन्हा पुन्हा तोच. जग घाबरलं, पण २०१५ मध्ये तो बेतच रद्द झाला.

परत आले ते टंचाईकडे वळून. रेझिडेंट ईव्हिलचा सातवा भाग (२०१७) पुन्हा एका घरात शिरला, २०१९ मध्ये दुसरा भाग नव्याने बांधला, गोळ्या पुन्हा मोजक्या. २०२४ मध्ये पोलंडच्या ब्लूबर टीमने सायलेंट हिलचा दुसरा भाग नव्याने केला. यंत्रात आता मैलभर लांबचं दाखवायची ताकद आहे, तरी धुकं तसंच ठेवलं, दाट. २०२५ चा 'सायलेंट हिल एफ' तर १९६० च्या दशकातल्या जपानी गावात घडतो.

आता ते वैर. साल २०००. मुलगा बारावीला. परीक्षा दीड महिन्यावर आणि हा रात्री एक वाजता अंधारात कॉम्प्युटरसमोर. पडद्यावर प्रेतं. मी काही न बोलता सीडी काढली आणि गुडघ्यावर मोडली. मित्राकडून मागून आणलेली होती. तो तेव्हा काही बोलला नाही. नंतरही कधी बोलला नाही. मला वाटायचं, विसरला असेल.

या वेळी नातवाला न्यायला मुलगा पुण्याहून आला. रात्री आम्ही दोघं खेळत बसलेलो पाहून दारातच थांबला. मी म्हटलं, "ये, बस. तुझा राहिलेला वाडा आहे." तो आला, सतरंजीवर बसला, नातवाच्या हातातून रिमोट घेतला. थोड्या वेळाने पडद्यावरची नजर न काढता म्हणाला, "आई, तेव्हा माझ्याकडे शेवटच्या चार गोळ्या होत्या."

पंचवीस वर्षं त्याने त्या मोजून ठेवल्या होत्या. मी काही बोलले नाही, फक्त त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो पुढच्या दाराशी गेला.

नातवाला उत्तर द्यायचं राहिलंच होतं. निघताना त्याने पुन्हा विचारलं, "मग आजी, भारी कोण?" मी म्हटलं, तुझ्या वयात पहिला, माझ्या वयात दुसरा. तो म्हणाला, हे उत्तर वर्गात चालणार नाही. वाचकहो, तुमच्याकडे चालणारं उत्तर असेल तर जरूर कळवा. मी त्याला फोनवर सांगेन.